थव्यात कुटुंब असतं का? बदकं, कादंब आणि पिल्लांचं पहिलं स्थलांतर

गाळपेर (धागाकर्ता)

नोव्हेंबर उजाडला की उजनी, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वरचे फोटो सगळीकडे यायला लागतात आणि खाली ठरलेली ओळ असते: "आई-बाबा पिल्लांना घेऊन हजारो किलोमीटर उडून आले." फोटोत बहुतेक वेळा तलवार बदकं (पिनटेल) किंवा थापटे (शॉव्हेलर) असतात. त्यांच्या बाबतीत ही ओळ चूक आहे. पट्टकादंबांच्या (बार-हेडेड गूज) फोटोखाली तीच ओळ टाकली तर मात्र अगदी बरोबर. हा फरक एकदा नीट लिहून ठेवावा म्हणून हा धागा.

तलवार, थापट्या, चक्रांग, गडवाल, भुवई बदक, लालसरी, या सगळ्यांत बापाचा संबंध अंड्यांवर बैठक सुरू होईपर्यंतच. मादी रोज एक अंडं घालते आणि शेवटचं अंडं पडेपर्यंत नीट बसत नाही. त्यामुळे आठ-दहा दिवसांच्या अंतराने घातलेली अंडीसुद्धा साधारण एका दिवसात फुटतात. ती बसली की नर निघून जातो, कारण त्याला पिसं टाकायची असतात. बदकं उडायची सगळी मोठी पिसं एकदमच टाकतात, त्यामुळे तीन ते पाच आठवडे त्यांना उडता येत नाही. तो काळ काढायला नर दाट बोरू-पाणकणसाच्या मोठ्या तळ्यांवर जमतात, कधी कधी शेकडो किलोमीटर लांब.

मादी एकटीच पिल्लं वाढवते. पिल्लं उडायच्या बेतात आली, किंवा त्याच्याही थोडं आधी, ती त्यांना सोडते, कारण आता पिसं टाकायची पाळी तिची. म्हणजे स्थलांतराच्या तोंडावर बाप, आई आणि पिल्लं, तिघांची वेळापत्रकं वेगवेगळी झालेली असतात. आपल्याकडे उतरणारा तलवार बदकांचा थवा म्हणजे एकमेकांशी नातं नसलेल्या पक्ष्यांची गर्दी.

हंस (स्वान) आणि कादंबांत (गूज, यांनाही पुष्कळदा हंसच म्हणतात) उलट. नर जातच नाही. आई-बाप दोघंही पिसं टाकतात, पण पिल्लं वाढत असतानाच. पिल्लांना पंख फुटतात त्याच सुमाराला आई-बापांचे नवे पंख तयार होतात आणि घरचे सगळे एकदमच उडण्याजोगे होतात. कुटुंबाने एकत्र निघायचं तर हे जुळणं भागच आहे.

---

उजनीकर

चांगला धागा. त्यात भर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेल्या थव्यात "सगळ्या माद्या आणि पिल्लंच दिसतात" अशी नोंद लोक करतात. त्यांतले निम्मेअधिक नर असू शकतात. उन्हाळ्यात पिसं टाकल्यावर नराला आधी मादीसारखा मळकट वेष येतो आणि आपल्याकडे पोचतो तेव्हा तो अजून पूर्ण उतरलेला नसतो. थापट्यात हे फार जाणवतं, कारण त्याचा वेष उशिरापर्यंत रेंगाळतो. पंखावरचा निळा पट्टा किती गडद आहे ते बघा, म्हणजे नर कळतो.

दुसरं, जानेवारी-फेब्रुवारीत तळ्यावर जोड्या दिसतात त्या गेल्या हंगामातल्या आई-बापाच्या नाहीत. त्या येत्या हंगामासाठी इथेच, हिवाळ्यात जमलेल्या. मग नर त्या मादीमागे ती जिथली आहे तिथे जातो. त्यामुळे बदकांत माहेर सुटतं ते नराचं. मादी जन्मली त्याच परिसरात घरटं करायला परत जाते.

---

पाणकणीस

मग पहिल्या वर्षीच्या चक्रांगाला वाट दाखवतं कोण? आई गेली, बाप तर त्याने पाहिलाच नाही.

---

गाळपेर

दिशा आणि निघायची वेळ जन्मजात असते. अमेरिकेत निळ्या पंखाच्या चक्रांगांची त्याच वर्षीची पिल्लं पकडून, मोठे पक्षी दक्षिणेला निघून जाईपर्यंत अडकवून ठेवली आणि मग सोडली. पायातल्या कड्यांच्या नोंदी परत आल्या तेव्हा दिसलं की ती नेहमीच्याच दिशेला गेली होती. बाकी थवा मदत करतो. अनुभवी पक्षी जिथे उतरतात तिथे नवखे उतरतात. पण तो थवा आई-बापाचा असायची गरज नाही.

हंसांत वाट शिकवली जाते. याचा सगळ्यात पक्का पुरावा स्वीडनमधला. तिथे पांढऱ्या कपाळाचा लहान हंस जवळजवळ संपला होता, कारण त्याची वाट आग्नेय युरोपातून जायची आणि वाटेत शिकार व्हायची. १९८१ पासून या हंसाची अंडी बार्नॅकल हंसांच्या जोड्यांकडे दिली. पालक नेदरलँड्सला हिवाळा काढणारे, म्हणून पिल्लंही त्यांच्यामागे नेदरलँड्सला गेली. पुढे त्या पिल्लांनी आपली पिल्लं त्याच वाटेने नेली. जात एक, वाट दुसऱ्या जातीची, आणि ती पिढ्यान् पिढ्या चालू.

१९९३ मध्ये बिल लिशमन यांनी १८ कॅनडा हंसांना छोट्या विमानामागे ओंटारिओहून व्हर्जिनियाला नेलं. पुढच्या वसंतात त्यांतले बहुतेक स्वतःहून उत्तरेला परतले. एकदा नेलेली वाट पुरते.

---

दुर्बीण_दहा_बाय_बेचाळीस

पट्टकादंबांबद्दल थोडं तपशिलात, कारण महाराष्ट्रात कुटुंब बघायला मिळतं ते मुख्यतः त्यांचंच.

वीण मंगोलिया, छिंगहाई (चीन), तिबेट, किरगिझस्तान आणि आपल्याकडे लडाखमध्ये, त्सो मोरीरी आणि त्सो कारच्या परिसरात. मंगोलियात गळपट्टी (अभ्यासक मानेत घालतात ती अक्षर-आकड्याची रंगीत पट्टी) घातलेले पट्टकादंब विदर्भातल्या तळ्यांवर दिसलेले आहेत, त्यामुळे "सायबेरियातून आले" हे लिहिणं सोडा. अंडी साधारण ४ ते ६. मादी २७ ते ३० दिवस बसते आणि नर घरट्यापासून काही पावलांवर पहारा देतो. घरटी शक्यतो बेटावर, कारण कोल्हा आणि आता भटकी कुत्री. लडाखमध्ये कुत्र्यांचा त्रास खरोखरच मोठा आहे. छावण्या आणि पर्यटकांचं खरकटं वाढलं तशी कुत्री वाढली, आणि उडता न येणारी पिल्लं त्यांना आयती सापडतात.

पिल्लं उडायला ५० ते ६० दिवस घेतात. ती ऑगस्टमध्ये उडू लागतात, म्हणजे हिमालय ओलांडायच्या आधी हाताशी जेमतेम दीड-दोन महिने. तेवढ्यात छातीचे स्नायू भरायचे आणि चरबी साठवायची.

उंचीबद्दल फुगवलेले आकडे फिरतात, "एव्हरेस्टवरून उडतात" वगैरे. ट्रॅकर लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात सर्वाधिक नोंद सुमारे ७,२९० मीटर, आणि ९५ टक्के नोंदी ५,४८९ मीटरच्या खाली. हे पक्षी खिंडी शोधतात आणि जमिनीला धरून उडतात, डोंगर आला की चढतात, दरी आली की पुन्हा खाली येतात. वरवर बघता हा कष्ट वाया. पण विरळ हवेत पंख जास्त जोरात मारावे लागतात आणि हृदयाचे ठोके झपाट्याने वाढतात, म्हणून खाली येऊन पुन्हा चढणं स्वस्त पडतं. चढाई बहुतेक रात्री किंवा पहाटे, कारण गार हवा दाट असते.

---

मृदुला_ह

हे सगळं ठीक, पण थव्यात कुटुंब ओळखायचं कसं ते कुणीतरी सांगा. तीनशे पक्षी, सगळे राखाडी.

---

दुर्बीण_दहा_बाय_बेचाळीस

मृदुलाताई, डोक्यामागे बघा. मोठ्या पक्ष्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, मानेची मागची बाजू काळी, आणि मानेच्या बाजूने खाली उतरणारी स्वच्छ पांढरी रेघ. त्याच वर्षीच्या पिल्लाला पट्टेच नसतात. माथा आणि मानेची मागची बाजू एकसारखी धुरकट तपकिरी, आणि पांढरी रेघ मळकट. आकार मोठ्यांइतकाच असतो, त्यामुळे आकारावर जाऊ नका.

काळ: नोव्हेंबर ते जानेवारीचा मध्य. त्यानंतर पिल्लांना पट्टे फुटायला लागतात, अर्धवट पट्टेवाले दिसतात आणि मोजणी वाकडी होते. फेब्रुवारीअखेरची वयवार मोजणी मी तरी धरत नाही.

साधन: २० ते ६० पट स्पॉटिंग स्कोप आणि तिपाई. आठ-दहा पट दुर्बिणीने ८० मीटरपलीकडे पट्टे आहेत की नाहीत याची खात्री देता येत नाही, विशेषतः पक्षी तोंड खाली घालून चरत असेल तेव्हा. सूर्य पाठीमागे हवा. समोरून ऊन असेल तर सगळीच डोकी काळपट दिसतात आणि पिल्लांची टक्केवारी फुगते.

जागा: इथेच लोक चुकतात. जिथे माणसांचा, होड्यांचा वावर आहे तिथे हे पक्षी रात्री चरतात आणि दिवसा पाण्याकाठी झोपतात. झोपलेल्या थव्यातून कुटुंबं सुटी करता येत नाहीत. पाणी ओसरलेल्या काठावरच्या गवतात किंवा हरभऱ्याच्या शेतात चरणारा थवा शोधा, सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताआधी तासभर.

आता एका पक्ष्यावर स्कोप स्थिर करा. पिल्लू सापडलं की दोन-तीन मिनिटं तिथेच थांबा. त्याच्याबरोबर सरकणारे कोण, थांबले की थांबणारे कोण, ते बघा. कुटुंब एका गतीने पुढे जातं. एक मोठा पक्षी बराच वेळ मान ताठ ठेवून उभा असतो, तो बहुधा नर. दुसरं कुटुंब अंगावर आलं की तो मान जमिनीसमांतर करून धावतो, समोरच्याला हाकलतो आणि लगेच वळून जोडीदारिणीकडे परत येतो. दोघं मान पुढे काढून जोरजोरात ओरडतात आणि पिल्लंही त्या ओरड्यात सामील होतात. हा विजयाचा ओरडा दिसला की नातं पक्कं. त्यात जे सामील झाले ते घरचे, जे चरत राहिले ते परके.

नोंद "२+३" अशी करा, मोठे अधिक पिल्लं. १+२ सुद्धा सापडतात, एक पालक गेलेला असतो. एकटं पिल्लू दिसलं तर तसंच लिहा, जवळच्या जोडीला चिकटवू नका.

---

उजनीकर

दोन सूचना. पिल्लंवाली कुटुंबं थव्याच्या कडेला जास्त असतात, कारण तिथलं गवत अजून तुडवलेलं नसतं. आपण काठावरून जवळचा भाग मोजतो आणि टक्केवारी जास्त येते. म्हणून थव्याचे डावा, मधला, उजवा, पलीकडचा असे तुकडे पाडून प्रत्येकातले पक्षी मोजावेत.

आणि दोन आकडे वेगळे ठेवा. समजा वय कळलेले २०० पक्षी आहेत आणि त्यांत ३० पिल्लं. म्हणजे १५ टक्के. ही ३० पिल्लं १२ कुटुंबांत असतील तर दर कुटुंबामागे २.५. पहिला आकडा सांगतो की एकूण विणीचं साल कसं गेलं. दुसरा सांगतो की ज्यांची वीण यशस्वी झाली त्यांची किती पिल्लं इथवर जगली. टक्केवारी पडली आणि दर कुटुंबाचा आकडा तसाच राहिला, तर बऱ्याच जोड्यांची वीण मुळातच फसलेली असते, बर्फ उशिरा वितळलं, घरटी बुडाली असं काही. दोन्ही पडले तर पिल्लं वाढताना किंवा वाटेत गेली.

---

गाळपेर

+१. कुटुंबाचा फायदा कशात आहे तेही इथेच दिसतं. हंसांच्या थव्यात मान मिळतो तो कुटुंबाच्या आकारावर. मोठं कुटुंब लहान कुटुंबाला हटवतं, लहान कुटुंब बिनपिल्लाच्या जोडीला, आणि जोडी एकट्याला. पालकांजवळ असलेल्या पिल्लाला चरायला जास्त वेळ मिळतो, कारण मान वर करून बघायचं काम बाप करतो. एकटं पडलेलं पिल्लू सारखं हाकललं जातं.

इंग्लंडमध्ये स्लिमब्रिजला बेविक हंसांची नोंद १९६४ पासून चालू आहे. पीटर स्कॉट यांच्या लक्षात आलं की प्रत्येक हंसाच्या चोचीवरची काळी-पिवळी नक्षी वेगळी असते, त्यामुळे कडी न घालता पक्षी ओळखता येतात. त्यातून कळलं की पिल्लं पहिल्या हिवाळ्यात पालकांबरोबर येतातच, पण काही जण दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यातही आई-बापांना येऊन मिळतात, धाकट्या भावंडांसकट. बेविकची पिल्लं टुंड्रात ४० ते ४५ दिवसांत उडतात. युरोपातल्या मूक हंसाच्या पिल्लांना चार महिन्यांहून जास्त लागतात. टुंड्राचा उन्हाळा तेवढाच, पण दिवस जवळजवळ चोवीस तासांचा, म्हणून चरणं थांबतच नाही.

---

रानवारा

बदकांना सरसकट बेजबाबदार बाप म्हणू नका हो. आपल्याकडे राहणारी अडई बघा. नर-मादी दिसायला सारखे, दोघंही आळीपाळीने अंड्यांवर बसतात, २२ ते २४ दिवस, आणि दोघंही पिल्लं सांभाळतात. पावसाळ्यात तळ्यात दोन मोठ्या अडयांच्या मधे पिल्लांची रांग दिसते ती खरोखर आई-बापांची असते.

चक्रवाकही तसाच. लडाखमध्ये मादी कड्याच्या कपारीत किंवा बिळात बसते, नर बाहेर पहारा देतो आणि पिल्लं दोघं मिळून वाढवतात. रात्री ताटातूट होण्याची कविकल्पना या सगळ्यात घट्ट जोडीच्या नशिबी का आली कोण जाणे. बहुधा दोघं अंधारात थोड्या अंतरावर चरतात आणि एकमेकांना हाका मारत राहतात म्हणून.

हळदी-कुंकू बदकाचं मधलंच काहीतरी. स्थलांतराची घाई नाही, म्हणून नर पुष्कळदा आसपास दिसतो, पण पिल्लांमागे धावपळ मादीचीच.

---

पाणकणीस

एका मादीमागे बावीस-पंचवीस पिल्लं दिसली तर? एवढी अंडी एक मादी घालते?

---

रानवारा

नाही. दोन कारणं असतात. एक, दुसऱ्या माद्या तिच्या घरट्यात अंडी टाकून जातात. ढोलीत घरटं करणाऱ्या जातींत, म्हणजे आपल्याकडच्या नकट्यासारख्या, ढोल्या कमी पडतात तिथे हे जास्त होतं. एकदम खूप अंडी झाली की खालची नीट उबत नाहीत, आणि मादी घरटंच सोडून देण्याची शक्यता वाढते. दुसरं, पिल्लं पाण्यावर आल्यावर कळप एकत्र होतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात बमिजी तळ्यावर एका मर्गान्सर (मासे खाणारं बदक) मादीमागे सत्तरहून जास्त पिल्लांचा फोटो गाजला होता, तो हाच प्रकार. युरोपातल्या शेलडक बदकांत (चक्रवाकाचे भाऊबंद) तर पाळणाघरच असतं. बरेच पालक पिल्लं थोड्या मोठ्यांच्या हवाली करून पिसं टाकायला जर्मनीच्या वाडन समुद्राकडे निघून जातात.

मात्र मलार्ड (नराचं डोकं हिरवं असतं ते बदक) आणि त्याच्या जवळच्या जातींत मादी परक्या पिल्लाला टोचून मारूही शकते. "कुठल्याही बदकाजवळ सोडलं की ती सांभाळेल" हे समजणं धोक्याचं.

---

मृदुला_ह

तोच मुद्दा विचारणार होते. पावसाळ्यात शहरातल्या तळ्यांजवळ हळदी-कुंकू बदकाची पिल्लं रस्त्यावर येतात, लोक उचलून घरी नेतात. नक्की काय करावं?

---

रानवारा

आधी हे समजून घ्या की आई पिल्लांना मुद्दामच चालवत नेते आहे. घरटं पाण्यापासून बरंच लांब गवतात असू शकतं. पिल्लं फुटल्यावर साधारण एका दिवसात ती त्यांना पाण्याकडे काढते. पोटात बलकाचा साठा शिल्लक असतो, म्हणून पहिल्या दिवशी खायला मिळालं नाही तरी चालतं.

आई बरोबर असेल तर दोन्ही बाजूंची वाहनं थांबवा आणि लांब उभे राहा. पकडू नका. आईला तर मुळीच नाही. ती उडाली तर पिल्लं विखुरतात आणि घाबरून गप्प बसतात.

पिल्लं गटाराच्या चेंबरमध्ये पडली असतील तर झाकण काढा आणि बारीक जाळीने एकेक वर घ्या. हवेशीर खोक्यात सगळी एकत्र ठेवा आणि खोकं तिथेच ठेवा, आईला त्यांचा आवाज ऐकू येईल असं. ती बहुतेक आसपासच असते. ती पुन्हा हाका मारायला लागली की खोकं आडवं करून सगळी पिल्लं एकदम सोडा. एकेक सोडलीत तर पहिली दोन घेऊन ती निघून जाते आणि उरलेली मागे राहतात.

तासभर लांबून वाट बघूनही आई आली नाही, तर वनविभागाला १९२६ वर फोन करा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि पक्ष्यासाठीही वाईट. मदत येईपर्यंत एवढंच करा: खोक्याच्या एका टोकाला ऊब, पहिल्या दिवसांत ३२ ते ३५ अंश, दुसरं टोक मोकळं, म्हणजे पिल्लू स्वतः जागा निवडतं. सगळी एकमेकांवर चढत असतील तर गारठली आहेत, चोची उघड्या ठेवून लांब पसरली असतील तर उकडतंय. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून. बादलीत पोहायला सोडू नका, ऊब द्यायला आई नसेल तर भिजून गारठतात. पाव आणि दूध बंद.

कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य दिवसेंदिवस देणारेही भेटतात. बदकांना नायसिन (एक ब जीवनसत्त्व) जास्त लागतं, त्या खाद्यात ते पुरत नाही आणि पाय वाकतात. नैसर्गिक खाणं म्हणजे पाण्यातले किडे, डासासारख्या माश्यांच्या अळ्या. पहिले दोन आठवडे प्रथिनांवरच वाढ होते, वनस्पती नंतर.

---

गाळपेर

घरी वाढवण्यातला सगळ्यात मोठा धोका ओळख चुकण्याचा. मलार्डच्या पिल्लांवर एकहार्ड हेस यांनी केलेल्या प्रयोगांत जन्मानंतर १३ ते १६ तासांच्या सुमाराला जे हलतं ते "आई" म्हणून सर्वांत घट्ट बसलं. लोक पिल्लं घरी नेतात ती बहुधा याच वेळात. आणि आवाजाची तयारी अंड्यातच सुरू होते. गिल्बर्ट गॉटलीब यांनी अंड्यातल्या पिल्लांचा आवाज बंद केला, भावंडांचे आवाजही पोचू दिले नाहीत. अशी पिल्लं बाहेर आल्यावर स्वतःच्या जातीच्या आईची हाक आणि दुसऱ्या जातीची हाक यांत चुकायला लागली.

म्हणून एकटं पिल्लू असेल तर वनविभागाच्या लोकांना आधीच विचारा की केंद्रात त्याच जातीची आणखी पिल्लं आहेत का. असली तर ताबडतोब त्यांच्यात. नसली तर खोक्यात आरसा लावतात आणि माणसाचा चेहरा व बोलणं कमीत कमी ठेवतात.

---

उजनीकर

यंदाच्या मोजणीसाठी एक विनंती. ईबर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) यादी टाकताना पट्टकादंबाच्या शेरा-रकान्यात वय कळलेले किती, त्यांत पिल्लं किती, आणि कुटुंबं "२+१, २+३, १+२" अशी लिहा. नुसता "४५०" लिहिलात तर विणीचं साल कसं गेलं ते त्यातून कळत नाही. वय न कळलेले पक्षी वेगळे लिहा, मोठ्यांत मिसळू नका. गळपट्टी दिसली तर रंग, अक्षर-आकडा वरून खाली वाचून लिहा, आणि त्या पक्ष्याबरोबर जोडीदार किंवा पिल्लं होती का तेही. पट्टी लावणाऱ्यांना ते ठिकाणाइतकंच उपयोगी पडतं.